करमळीहून करमळीला: दिवाडीच्या खाजनांतली दिवसभराची पायपीट

खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची भातजमीन. गोव्यात मांडवीच्या काठच्या खाजनांतून चालायचं असेल तर आधी पंचांग बघा, मग रेल्वेचं वेळापत्रक. बहुतेक लोक उलट करतात आणि पाणी ना धड चढतंय ना उतरतंय अशा वेळी बांधावर येऊन उभे राहतात. हिरवं शेत बघतात, फोटो काढतात, परत जातात. खाजनाचा सगळा कारभार भरती-ओहोटीवर चालतो. तो चालू असताना बघायला मिळाला, तर या चालण्याचं सार्थक होतं.

माझं माहेर वेंगुर्ल्याजवळ, खाडीच्या काठाला. आमच्याकडे खारबांध म्हणतात, गोव्यात खाजनाचा बांध म्हणतात. पावसाळ्याआधी बांधावर चिखल थापायला वडिलांबरोबर मीही जायची. त्यामुळे कोणी 'गोव्यात काय बघू?' असं विचारलं की समुद्राचं नाव माझ्या तोंडी पटकन येत नाही. करमळी स्टेशनला उतरा, असं मी सांगते. तिथून निघून तळं, जुने गोवे, फेरीबोट, दिवाडी बेट, पुन्हा फेरीबोट, रायबंदर आणि परत करमळी असा वेढा पूर्ण होतो. अंतर साधारण पंधरा किलोमीटर. दिवाडीवर बांधाबांधाने रेंगाळलात तर थोडं जास्त. चढ एकच, तोही छोटा. सवयीच्या माणसाला पाच तास पुरतात, पण पूर्ण दिवस हाताशी ठेवा.

आता पाण्याचा हिशेब. कोकणपट्टीतल्या दर्यावर्दी माणसांचा एक जुना आडाखा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. हा ढोबळ हिशेब आहे, आणि दिवाडी समुद्रापासून आत असल्यामुळे थोडा उशीर धरायचा. मिनिटाला मिनिट हवं असेल तर भरतीचं छापील कोष्टक बघा. चालण्याचा दिवस ठरवायला मात्र आडाखा पुरेसा आहे.

माझ्या मते सगळ्यात चांगल्या तिथ्या दशमी ते द्वादशी, पक्ष कुठलाही असो. सकाळी आठ-नऊला भरती होऊन गेलेली असते आणि तुम्ही साडेअकरा-बाराला दिवाडीवर पोचता तेव्हा पाणी जोरात उतरत असतं. मानशी, म्हणजे बांधातले पाण्याचे दरवाजे, उघडलेल्या असतात. दुसरा पर्याय पौर्णिमा-अमावास्येचा. तेव्हा उधाणाचं पाणी दुपारच्या आधी बांधाला टेकलेलं असतं. एका बाजूला नदी काठोकाठ आणि दुसऱ्या बाजूला तिच्याहून खाली असलेलं भाताचं शेत हे एकदा डोळ्यांनी बघाच, बांध म्हणजे काय ते लगेच कळतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं पाणी असतं, ओढ कमी. पण दुपारी चिखल उघडा पडतो आणि पाणपक्ष्यांसाठी तो दिवस चांगला.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऊन सोसवतं आणि तळ्यावर पाहुणे पक्षी असतात. भात बघायचं असेल तर सप्टेंबरचा शेवट, पीक पिवळं व्हायला लागतं तेव्हा. मात्र बांध निसरडे असतात. एप्रिल-मे मध्ये जाऊ नका. बांधावर सावली नाही, आणि खाऱ्या हवेतलं ऊन अंगातलं पाणी शोषून घेतं.

मुंबईहून किंवा सिंधुदुर्गातून येणाऱ्यांना कोकणकन्या सोयीची. रात्री मुंबईहून सुटते, सकाळी करमळीला येते. आम्ही कुडाळहून तीच पकडतो आणि संध्याकाळी परतीच्या कोकणकन्येने घरी येतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश धावतात, तेव्हा निघण्याआधी वेळ तपासून घ्या. थिवी सोडल्यावर गाडी मांडवी ओलांडते. त्या पुलावरून खाली बघितलंत की दिवसभरात काय तुडवायचंय त्याचा अंदाज येतो: नदीचे फाटे, मध्ये बेटं, कडेला खारफुटीची गर्द झालर.

करमळी स्टेशनवर प्रसाधनगृह वापरून घ्या आणि पाणी भरून घ्या. दिवाडीवर सार्वजनिक सोय मिळेलच असं धरून चालू नका, बायकांनी तर नाहीच. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, चिखल लागला तरी चालेल असे बूट, एक जुना पंचा. दुर्बीण असेल तर न्याच. छत्री मी बारा महिने नेते.

रूळ करमळीच्या तळ्याच्या काठानेच गेलेत. कोकण रेल्वेचा मार्ग आखला जात होता तेव्हा या तळ्याचं काय होणार म्हणून पक्षिप्रेमींनी पुष्कळ आवाज उठवला होता. तळं टिकलं. ते निसर्गाने केलेलं तळं नव्हे, शेतीच्या पाण्यासाठी गावाने राखलेलं आहे. विस्तार साधारण सत्तर हेक्टर, खोली बेताची, आणि बऱ्याच भागात जंगली भाताचं रान माजलेलं. पहिल्यांदा बघणाऱ्याला तळं कुठे संपतं आणि शेत कुठे सुरू होतं ते समजत नाही.

तळ्यावर अर्धा तास तरी थांबा. आधी शिट्ट्या ऐकू येतील, मग अडई बदकांचा थवा उठेल. कमळपक्षी पानांवरून लांब बोटं टाकत चालत असतात. जांभळ्या पाणकोंबड्या गवतातून डोकं काढतात. थंडीत तलवार बदकं येतात. नराची शेपटी टोकाला निमुळती होत जाते, त्यावरून ओळखायचा. काठावर उतरू नका, रस्त्यावरूनच बघा. माणूस खाली उतरला की सगळा थवा पलीकडच्या काठाला जातो आणि मागून येणाऱ्याला रिकामं पाणी दिसतं.

याच करमळीतली ब्रह्मदेवाची मूर्ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकाने सत्तरी तालुक्यात हलवली गेली. आज ती तिथल्या ब्रह्मकरमळीला आहे. आपल्या वाटेवर ती येत नाही, पण गावातून जाताना हे माहीत असावं.

तळ्यापासून जुन्या गोव्यापर्यंत गावचा रस्ता आहे, पाऊण तास धरा. महामार्ग ओलांडताना सांभाळून. जुन्या गोव्यात गांधी सर्कलजवळ भाजी-पाव आणि चहा मिळतो. पोटभर खाऊन घ्या, कारण दिवाडीवरची दुकानं दुपारी जेवणानंतर बंद होतात आणि चारपर्यंत उघडत नाहीत. तो तिथला रिवाज आहे, दार ठोठावू नका.

चर्चांबद्दल मी इथे लांबण लावत नाही. बॉम जेझूची बासिलिका, से कॅथेड्रल दोन्ही रस्त्यालगत आहेत. आत जायचं असेल तर खांदे झाकलेले असू द्या. एवढं मोठं शहर ओसाड का पडलं हा प्रश्न मात्र बरोबर घेऊन पुढे चला. साथींनी माणसं मेली, उरलेली पणजीच्या बाजूला सरकली आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. समोरच्या दिवाडीवर मात्र शेतं पिकतच राहिली.

सेंट कॅजेटनच्या चर्चवरून उतरत व्हाइसरॉयच्या कमानीखालून गेलात की समोर धक्का. ही कमान कोसळल्यावर १९५४ मध्ये पुन्हा उभारली आहे. फेरीबोटीला पायी माणसाला तिकीट नाही. बोट समोरच्या काठाला असेल तर ती यायची वाट बघा, फार वेळ लागत नाही. चढल्यावर उजव्या बाजूला उभे राहा. नदीच्या वरच्या अंगाला, पूर्वेकडे, जुवे बेट आहे. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजी महाराजांच्या सैन्याने तिथला किल्ला घेतला होता. तो परत घ्यायला गेलेला खुद्द पोर्तुगीज व्हाइसरॉय जखमी होऊन परतला. भरती-ओहोटी ओळखणाऱ्यांनाच या पाण्यात हालचाल करता येते, हे नकाशा बघून कळत नाही. बोटीवर उभं राहिलं की कळतं.

दिवाडीला उतरलात की रस्ता सरळ खाजनातून टेकडीकडे जातो. टेकडीवरचं पांढरं चर्च समोर दिसत राहतं, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही. मोटारी आणि दुचाक्या बोटीतून तुमच्याबरोबरच उतरतात. त्यांना आधी जाऊ द्या. पाच मिनिटांत रस्ता मोकळा होतो, तो पुढची बोट लागेपर्यंत तुमचाच.

आता सावकाश. धक्क्याजवळच्या खारफुटीत चिखलावर बघा. निवटे दिसतील, पाण्याबाहेर फुदकणारे मासे. त्यांच्या शेजारी बोटाच्या पेराएवढे खेकडे, नराची एकच नांगी मोठी आणि रंगीत. तुमची सावली पडली की सगळे बिळात. दोन मिनिटं हालचाल न करता उभे राहिलात की आधी लहान बाहेर येतात, मग मोठे.

पुढे कुठेही ओहोळ बांधाला भिडतो तिथे मानस शोधा. मानस म्हणजे बांधातला पाण्याचा दरवाजा. चिऱ्याचे दोन भक्कम खांब, मध्ये लाकडी झडपा, नदीच्या बाजूला उघडतील अशा वरून टांगलेल्या. भरतीचं पाणी चढलं की झडप आपोआप दाबून बंद होते. पाणी उतरलं की आतल्या पाण्याचा जोर जास्त होतो आणि झडप ढकलली जाते. देवघराच्या झुलत्या दारासारखी ती आत-बाहेर होते, आणि हात कोणी लावत नाही. आतल्या अंगाला खांबांना खाचा असतात. त्यांत फळ्या बसवून शेतात पाणी किती ठेवायचं ते ठरवतात. खांबांवर पाण्याची रेघ दिसेल: खाली कालवांची खरबरीत टरफलं, वर कोरडा चिरा. भरती कुठवर चढते ते त्या रेघेवरून समजतं.

पाणी उतरताना मानशीच्या तोंडाला पिशवीसारखं जाळं लावलेलं दिसलं तर लांबूनच बघा. ती मासेमारी लिलावात घेतलेली असते. सुंगटं म्हणजे कोळंबी, शिवाय शेवटे, काळुंदर हे मासे, हे त्या जाळ्यातलं धन. मी एकदा विचारलं होतं, रात्रीची ओहोटी बरी की दिवसाची? जाळं आवरणारे बाबा म्हणाले, सुंगटं काळोखात चालतात, दिवसा राहतो तो उरलासुरला माल. हे सांगताना त्यांनी जाळ्याची गाठ सोडली, ओंजळभर सुंगटं पाटीत पडली, आणि ती इतकी पारदर्शक होती की पाटीचं विणकाम आरपार दिसत होतं.

खाजनातलं भात म्हणजे कोरगुट. खारं सोसणारं, लालसर दाण्याचं. जूनचा पाऊस मातीतलं मीठ धुऊन काढतो, मग पेरणी. कापणीनंतर काही खाजनांत नदीचं पाणी आत घेतात, त्याबरोबर मासे येतात. जिथे गोडं पाणी पुरतं तिथे वायंगण, म्हणजे उन्हाळी भात. एकाच जमिनीतून वर्षभरात भात, मासे, कुठे मीठ. गोव्यात असं सुमारे १८ हजार हेक्टर खाजन आहे आणि ही रीत फार जुनी आहे. बांदोड्याला मिळालेल्या, सहाव्या शतकाच्या आसपासच्या ताम्रपटातही खाजन जमिनीचा उल्लेख येतो.

हे सगळं बांधावर उभं आहे. बांध आतून चिखल आणि पेंढ्याचा, नदीच्या बाजूला चिऱ्याच्या दगडांचा. पूर्वी गावकरी संस्था, म्हणजे कोमुनिदाद, त्याची राखण करायची. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते काम हळूहळू कूळसंघांकडे, म्हणजे शेत कसणाऱ्या कुळांच्या संघांकडे, आलं. काही संघांनी नीट केलं, काहींनी केलं नाही. बांधाला एकदा भगदाड पडलं आणि वेळेवर बुजलं नाही, की एका उधाणात कित्येक शेतं खारी होतात आणि एक-दोन वर्षांत त्यांत खारफुटी उगवते. मग ती तोडता येत नाही, कायद्याचं संरक्षण आहे, आणि शेत गेलं ते गेलं. वाटेत असे तुकडे दिसतील: बांधाच्या आतल्या बाजूला तिवर वाढलेली. बाहेर ती बांध राखते, आत ती पडीक शेताची खूण असते. बघून फार वाईट वाटतं. माझ्या वडिलांनी असलं एकही शेत सुखाने बघितलं नसतं.

म्हणून कृपा करून बांधाच्या कडेला पाय देऊ नका, मधून चाला. दगड उपसून बसायला घेऊ नका. मानशीच्या फळ्यांना हात लावू नका, उत्सुकतेनेसुद्धा नाही. बांधावर खेकड्याचं भोक दिसलं आणि जवळ कोणी शेतकरी असेल तर त्याला सांगा. तेवढ्या भोकातून बांध फुटायला सुरुवात होते.

पाण्यात उतरायचं नाही. या भागात, विशेषतः कुंभारजुव्याच्या कालव्यात, मगरी आहेत. भोम गावात पौषी अमावास्येला चिखलाची मगर करून पूजतात, मानगे थापणी म्हणतात तिला. खाजन सांभाळणाऱ्या माणसांनी मगरीला राखणदार मानलंय, आपणही तिला तिची जागा देऊ. साप दिसला तर तो बहुतेक वेळा दिवड असतो, बिनविषारी. तरी चार हात लांब.

पक्ष्यांत ब्राह्मणी घार, खंड्या आणि गायबगळे हमखास. थंडीत दलदल ससाणा भातावरून खाली-खाली घिरट्या घालतो. टक्कल पडलेला, पिवळट मानेचा उंच पक्षी शेतात एकटा उभा दिसला तर तो छोटा क्षत्रबलाक. दुर्मीळ आहे, रस्ता सोडून त्याच्या मागे जाऊ नका.

टेकडीच्या पायथ्याला पिएदाद गाव. चढ दहा मिनिटांचा. चर्चच्या आवारातून दक्षिणेला जुन्या गोव्याचे मनोरे माडांच्या वर दिसतात आणि खाली तुम्ही चालून आलात ते खाजन, बांधाच्या रेघांनी आखलेलं. डबा इथे सावलीत सोडा. प्रार्थना चालू असेल तर आवाज खाली. शेजारच्या दफनभूमीतल्या चॅपेलमध्ये कदंबकाळातल्या मंदिराचं कोरीव दगडी काम शिल्लक आहे. दार उघडं असेल तर वर छताकडे बघा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथे बोंदेरामचा उत्सव असतो. त्या दिवशी चालायला येऊ नका, बोटीत पाय ठेवायला जागा नसते.

पिएदादहून रायबंदरच्या फेरीचा रस्ता विचारा, कोणीही सांगेल. फक्त 'फेरी' म्हणू नका, दिवाडीला तीन धक्के आहेत. तासाभराची वाट: आधी जुनी घरं, मग माड, मग परत मोकळं खाजन. उतरतं ऊन डोळ्यांवर येतं, टोपी पुढे ओढा. ओहोटी संपत आलेली असेल तर नदीकाठचा चिखल रुंद उघडा पडलेला असतो आणि टिटव्या ओरडत असतात.

रायबंदरला उतरून डावीकडे वळायचं. नदी डाव्या हाताला ठेवून पूर्वेला चाललात की जुने गोवे येतं, तासभर लागतो. वाहनं आहेत, पण सूर्य पाठीशी असतो आणि आत्ताच तुडवलेलं बेट पलीकडून दिसत राहतं. पाय थकले असतील तर बस घ्या, पणजीहून जुन्या गोव्याकडे बसगाड्या सतत असतात. रायबंदरच्या धक्क्यावर पाचच्या आत पोचलं पाहिजे, म्हणजे गाडीची घाई होत नाही. उशीर झाला तर सरळ रिक्षा करून करमळी गाठा. काळोखात तळ्याकाठच्या रस्त्याने चालू नका, दिवे कमी आहेत.

मुक्कामाला असाल तर दुसऱ्या दिवशी रायबंदरहूनच चोडण बेटावर जा. तिथलं डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य पावणेदोन चौरस किलोमीटरचं, सगळं खारफुटीचं. आणि ज्यांना वेढा पूर्ण करायची हौस नाही त्यांनी दिवाडीवरून तिसऱ्या धक्क्याने नार्व्याला उतरावं. सप्तकोटीश्वर मुळात दिवाडीवरचा. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर देव पलीकडे गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दर्शन घेऊन डिचोलीची बस धरा, तिथून म्हापसा, आणि रात्रीची गाडी करमळीऐवजी थिवीहून. अशा वेळी तिकीट आधीच थिवीचं काढा.